प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप कोणाचे?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. शाळाशाळांतून फलक लागतात, मंत्र्यांचे संदेश वाचून दाखवले जातात, भारत लवकरच जगाला विज्ञानाचे धडे देणार असल्याची ग्वाही दिली जाते. समारंभ आटोपतो, खुर्च्या उचलल्या जातात आणि प्रयोगशाळेचे कपाट, जेथे प्रयोगशाळा नावाची खोली आहे तेथे, पुन्हा कुलूपबंद होते. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते. उपकरणे फुटू नयेत, साठा नोंदवहीत कमी दिसू नये, ही चिंता असते. मुले मात्र विज्ञान 'पाहतात' ते पुस्तकातल्या चित्रांत.

अशा चित्रांपैकी एक एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात, जैवतंत्रज्ञानाच्या प्रकरणात आहे. जेल इलेक्ट्रोफोरेसिसचे ते चित्र. समुद्री शैवालापासून काढलेल्या अगॅरोजचा थलथलीत थर, त्याच्या एका कडेला खाचा, खाचांत डीएनएचे नमुने आणि विजेच्या ओढीने थरातून पुढे सरकलेले पट्टे. विद्यार्थी पाठ करतो: डीएनए ऋणभारित असतो, तो धनाग्राकडे जातो, लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे रेंगाळतात. परीक्षेत यावर प्रश्न येतो, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत येतो, शिकवणीवर्गांच्या छापील टिपणांत त्याचे ठोकळेबाज उत्तर असते. लक्षावधी मुले ते उत्तर अचूक लिहितात. त्यांतील किती जणांनी एक तरी रेणू डोळ्यांसमोर सरकताना पाहिला असेल? खेड्यातील, कामगार वस्तीतील, आदिवासी आश्रमशाळेतील मुलांच्या बाबतीत तर या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे.

याचे समर्थन करणारे नेहमी एकच कारण पुढे करतात: साधने महाग आहेत, देश गरीब आहे, सर्व शाळांना ती कशी पुरवणार? हे कारण वरकरणी व्यवहारी दिसते. म्हणूनच ते नीट तपासून घेतले पाहिजे.

महाग काय आहे?

जेल इलेक्ट्रोफोरेसिससाठी विज्ञानाला लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: रेणूंना अडवणारा आणि तरीही वाट देणारा एक सच्छिद्र थर, वीज वाहून नेणारे द्रावण, दोन अग्रे आणि एकाच दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह. बाकी सारे कंपनीच्या पत्रकाचे अलंकार आहेत.

यातील थर वाण्याच्या दुकानात मिळतो. खरवसासारख्या वड्या थिजवण्यासाठी घरोघर वापरला जाणारा 'चायना ग्रास' म्हणजेच अगर. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवावा. त्याच द्रावणाच्या शंभर मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम अगर घालून तो पूर्ण विरघळेपर्यंत उकळावा आणि कोमट झाल्यावर प्लास्टिकच्या आयताकृती डब्यात ओतावा. जाड प्लास्टिकमधून कापलेला कंगवा त्यात एका बाजूला उभा धरावा. थर थिजला की कंगवा अलगद उचलावा. खाली खाचा तयार होतात. दोन्ही टोकांचा थोडा थर कापून काढून तेथे अग्रांसाठी जागा करावी आणि थर जेमतेम बुडेल इतके सोड्याचे द्रावण वर ओतावे. जुन्या झिंक-कार्बन सेलमधून शिक्षकाने काढलेल्या आणि स्वच्छ धुतलेल्या कार्बनच्या कांड्या ही अग्रे. नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ४५ व्होल्ट मिळतात. मिठाईत घालावयाचे खाद्यरंग साखरेच्या पाकात कालवून थेंबाथेंबाने खाचांत सोडावेत; पाकाच्या वजनाने रंग खाली बसतो.

अर्ध्या-पाऊण तासात जे दिसते ते कोणत्याही चित्राहून अधिक बोलके असते. हिरवा रंग हिरवा राहात नाही. बाजारातील हिरवा खाद्यरंग बहुधा टार्ट्राझिन हा पिवळा आणि ब्रिलियंट ब्ल्यू हा निळा यांचे मिश्रण असतो. थरातून जाताना पिवळा पुढे निघून जातो, निळा मागे पडतो आणि ज्याला मूल जन्मभर एक समजत आले ते दोन निघतात. वस्तूचे बाह्य रूप आणि तिची अंतर्गत रचना यांतील भेद समजावण्यासाठी याहून चांगला पाठ कोणता?

ही सर्व सामग्री काही शे रुपयांत जमते. सावधगिरी मात्र सोडता कामा नये. घरातील विजेच्या जोडणीला हे उपकरण कदापि लावू नये. बॅटऱ्या जोडलेल्या असताना द्रावणात बोटे घालू नयेत. सोड्याऐवजी मीठ वापरू नये, कारण मिठाच्या द्रावणातून धनाग्रापाशी क्लोरीन वायू निघतो. आणि एकदा वापरलेला डबा पुन्हा खाण्यासाठी घेऊ नये. एवढे नियम पाळणे शिक्षकाला अवघड नाही. त्याला अवघड आहे ते वेगळेच: प्रयोगासाठी तास नाही, मदतनीस नाही, खर्चाचे पैसे नाहीत आणि अभ्यासक्रम 'पूर्ण' करण्याचा तगादा मात्र आहे.

कांजी आणि मुरांबे

महागाईचा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवरही टिकत नाही. स्वीडनचे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विजेच्या साह्याने रक्तातील प्रथिने वेगळी केली आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र अवाढव्य होते, मोजक्याच संपन्न संस्थांना परवडणारे होते. ही कोंडी फोडली ती अधिक महाग यंत्राने नव्हे. १९५५ मध्ये टोरांटोत काम करणाऱ्या ऑलिव्हर स्मिथीज यांनी बटाट्याच्या पिष्टाची खळ शिजवून थिजवली आणि तिच्यातून प्रथिने वेगळी केली. आई वडिलांच्या सदऱ्यांना खळ करीत असे, ती थंड झाल्यावर घट्ट होत असे, या बालपणीच्या आठवणीतून ही युक्ती सुचल्याचे ते सांगत.

अगरची कथाही अशीच. जंतू वाढवण्यासाठी जिलेटिनऐवजी अगर वापरावा, ही सूचना १८८१ मध्ये फॅनी हेसे यांनी केली. त्यांचे पती रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत. उष्णतेत जिलेटिन वितळते, अगर वितळत नाही, हे त्यांना स्वयंपाकघरातील मुरांब्यांमुळे ठाऊक होते. कॉख यांचे नाव जगभर झाले. फॅनी हेसे यांचे नाव कित्येक पाठ्यपुस्तकांत नाही.

म्हणजे धोब्याच्या घाटावरचे आणि चुलीपुढचे ज्ञान प्रयोगशाळेत गेले, तेथे त्याला मान्यता मिळाली, पुढे कंपन्यांनी त्याला चकचकीत आवरण घातले आणि आज तेच ज्ञान कष्टकऱ्यांच्या मुलांना 'तुम्हाला परवडणार नाही' असे सांगून नाकारले जात आहे. श्रमातून निर्माण झालेली वस्तू श्रमिकालाच परकी होते, हा भांडवली व्यवस्थेचा नियम ज्ञानालाही सोडत नाही.

भारतात तर हा विरोधाभास आणखी उघडा आहे. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात, कोळी समाजातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारून शैवाल गोळा करतात. बोटांना कापडाच्या चिंध्या बांधून त्या खडकांवरचे शैवाल खुडतात. त्यांतील जेलिडिएला या जातीपासून अगर निघतो. १९८६ मध्ये तेथील २१ बेटांचा परिसर राष्ट्रीय सागरी उद्यान म्हणून घोषित झाला आणि या स्त्रियांच्या पारंपरिक हक्कांवर निर्बंध आले. किनारा त्यांचा, पण गुन्हेगारही त्याच, अशी स्थिती झाली. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने भारतीय शैवालापासून अगर आणि अगॅरोज काढण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. कच्चा माल देशात आहे, तो काढणारे हात देशात आहेत, त्याचे शास्त्र सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेपाशी आहे. तरीही त्या कोळिणीच्या मुलीला शाळेत अगरचा थर दिसत नाही. यास गरिबी म्हणावयाचे की व्यवस्था?

वाहक कोण, रुग्ण कोण?

काही जण विचारतील, हा एक प्रयोग झाला नाही तर कोणते आकाश कोसळणार आहे? आकाश कोसळत नाही, माणसे कोसळतात.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकल सेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निराळ्या वेगाने सरकते हे दाखवले आणि एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत असू शकते हे प्रथमच सिद्ध झाले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवले की फरक आहे तो एका अमिनो आम्लाचा: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. तेवढ्याने ऋणभार घटतो आणि अल्कधर्मी द्रावणात हे हिमोग्लोबिन धनाग्राकडे जाताना नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या मागे पडते. आजही या रोगाची खातरजमा करण्याच्या मान्य पद्धतींत इलेक्ट्रोफोरेसिस आहे.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत, छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा, गुजरात अशा विस्तीर्ण पट्ट्यात तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जाहीर केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. लोकांच्या हाती त्यांच्या तपासणीच्या निष्कर्षाची कार्डे दिली जात आहेत.

तपासणी झालीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु कार्ड हातात पडलेल्या मुलीला त्यावरील शब्दांचा अर्थ कोण सांगणार? वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी जीवन जगते. दोघे वाहक विवाहबद्ध झाले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. एवढे न समजल्यामुळे ठरलेले विवाह मोडतात, मुलीला दोष लागतो आणि जुन्या अंधश्रद्धेच्या जागी सरकारी शिक्क्याची नवी अंधश्रद्धा येते. ज्याला कार्ड वाचता येते पण समजत नाही, त्याच्या दृष्टीने प्रयोगशाळेचा अहवाल आणि भगताचा कौल यांत फरक तो काय?

नेमके हेच त्या प्लास्टिकच्या डब्यात शिकवता येते, आणि तेही रक्ताचा एक थेंबही शाळेत न आणता. पहिल्या खाचेत पिवळा रंग, म्हणजे नेहमीचे हिमोग्लोबिन. दुसऱ्या खाचेत निळा, म्हणजे सिकल हिमोग्लोबिन. तिसऱ्या खाचेत दोन्हींचे मिश्रण, म्हणजे वाहक. प्रवाह सुरू होतो आणि तिसऱ्या रांगेत दोन पट्टे उमटतात. रंग हे केवळ प्रतिरूप आहेत, हे शिक्षकाने स्पष्ट सांगावे. पण वाहकाच्या रांगेतील तो पुढचा पट्टा आश्रमशाळेच्या मुलीने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की तिला कोणी सहजी 'रोगी' ठरवू शकणार नाही.

न्यायाचा प्रश्नही असाच आहे. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएच्या पट्ट्यांवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत शोधली; भारतात हैदराबादच्या संस्थेत लालजी सिंग यांनी ती रुजवली. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याने पोलिसांना जैविक नमुने घेण्याचे व्यापक अधिकार दिले. डीएनए माहितीच्या वापराचे नियमन करू पाहणारे २०१९ चे विधेयक मात्र २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. नमुना कोणाचा घेतला जातो? संपात अटक झालेल्या कामगाराचा, जमिनीसाठी लढणाऱ्या आदिवासीचा. आणि तो नमुना मिसळला असेल, खराब झाला असेल, चुकीचा वाचला गेला असेल, हे विचारण्याचे धैर्य कोणात येते? ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने खाच भरताना शेजारच्या खाचेत रंग सांडलेला पाहिला आहे, त्याच्यात.

दोन भ्रम

या प्रश्नावर दोन भ्रामक भूमिकांचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

पहिला भ्रम सत्ताधाऱ्यांचा. त्यांच्याकडे उत्तर तयार आहे: निवडक शाळांना चकचकीत दालन आणि उरलेल्यांना पडद्यावरचा प्रयोग. २०१६ नंतर अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी प्रत्येक निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांचे अनुदान ठरले. अशा सुमारे दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजारांची घोषणा झाली. देशातील शाळांची संख्या मात्र १४ लाखांहून अधिक आहे. राहिलेल्यांसाठी २०२० चे शैक्षणिक धोरण 'आभासी प्रयोगशाळा' सुचवते. पडद्यावर पट्टा कधी वाकडा जात नाही, थर कधी फाटत नाही, बॅटरी कधी उतरत नाही. म्हणजेच प्रयोगातून जे शिकावयाचे तेच त्यातून वगळलेले असते. पोहण्याचे चित्र पाहून कोणी पोहायला शिकत नाही.

याच गोटातून अलीकडे स्वस्त साधनांचेही गुणगान ऐकू येते. 'जुगाड' हा म्हणे भारतीय प्रतिभेचा आविष्कार! येथे सावध राहिले पाहिजे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत असे सांगितले. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा उच्चारला. प्रत्यक्षात तो कधीही गाठला गेला नाही. ज्यांनी हे देणे थकवले, त्यांनी शिक्षकाच्या काटकसरीला टाळ्या वाजवाव्यात, हा शुद्ध ढोंगीपणा आहे. स्वस्त प्रयोग हे शासनाच्या पलायनाचे प्रमाणपत्र होऊ देता कामा नये.

आणि स्वस्ताईला मर्यादाही आहेत. त्या लपवून चालणार नाही. वाण्याकडील अगरमध्ये भारित अंश मिसळलेले असतात; रंगांसाठी तो पुरतो, पण डीएनएचे पट्टे त्यात पुसट येतात. त्यासाठी शुद्ध अगॅरोज हवा. केळे किंवा पपई कुस्करून साबण, मीठ आणि थंड अल्कोहोलने डीएनएचे तंतू शाळेत सहज वेगळे होतात. पण ते इतके लांब असतात की थरात नीट सरकतच नाहीत. त्यांना ठरावीक जागी कापणारी विकरे महाग आहेत आणि ती शीतपेटीतच टिकतात. पट्टे दिसण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळांत वापरले जाणारे इथिडियम ब्रोमाइड आनुवंशिक बदल घडवणारे आहे. त्याला शाळेत थारा नसावा. त्याऐवजी माशांच्या औषधात असणारे मिथिलीन ब्ल्यू चालते, पण त्याला डीएनए अधिक प्रमाणात लागतो. जेथे शिक्षकाची कल्पकता संपते, तेथे शासनाची जबाबदारी सुरू होते, आणि ती नेमकी कोठे सुरू होते हे प्रयोग करून पाहणाऱ्यालाच बोट ठेवून दाखवता येते.

दुसरा भ्रम चळवळीतल्याच काहींचा. आधी भाकरी, मग विज्ञान. शाळेला छप्पर नाही तेथे रेणूंच्या गोष्टी कशाला, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद क्रांतिकारक वाटतो, पण त्याचा शेवट प्रतिगामी आहे. कष्टकऱ्यांच्या मुलांना अक्षरओळख आणि हस्तव्यवसाय पुरे, असे म्हणणाऱ्या सनातन्यांच्याच पंक्तीला तो नेऊन बसवतो. छप्पर आणि प्रयोगशाळा या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत.

जे. बी. एस. हॉल्डेन यांचे उदाहरण येथे स्मरावे. ब्रिटनच्या 'डेली वर्कर' या पत्रात कामगारांसाठी विज्ञानावर तीनशेहून अधिक लेख लिहिणारे हे थोर आनुवंशिकीतज्ज्ञ. रक्ताचे आनुवंशिक विकार आणि हिवताप यांचा संबंध त्यांनी १९४९ मध्येच सुचवला होता. १९५७ मध्ये ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. महागड्या यंत्रांची वाट पाहात बसण्यापेक्षा निरीक्षण, मोजणी आणि विचार यांच्या बळावर उत्तम संशोधन करता येते, हे ते भारतीय तरुणांना आग्रहाने सांगत.

मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे प्रत्यक्षात आणून दाखवले. साधी सामग्री, प्रयोग करणारी मुले, पुस्तक उघडे ठेवून दिलेली परीक्षा. तो शेकडो सरकारी शाळांत पसरला. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. तीस वर्षे सामान्य शाळांत चाललेला हा उपक्रम मुलांना जमला नाही म्हणून थांबला नाही; शासनाने थांबवला म्हणून थांबला.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेला प्रयोगांसाठी दरवर्षी नियमित अनुदान. प्रयोगशाळा मदतनीसांची रिक्त पदे भरणे. सार्वजनिक संस्थांकडून लागत किमतीत अगॅरोज. विकरे आणि शीतपेटी असलेले एक सामायिक विज्ञान केंद्र दर तालुक्याला. आणि परीक्षेत पाठांतराला नव्हे, हाताने केलेल्या प्रयोगाला गुण. शिक्षक संघटना, विद्यार्थी संघटना, लोकविज्ञान चळवळ आणि सिकल सेलच्या पट्ट्यातील आदिवासी संघटना यांनी ही मागणी एकत्रितपणे लढवली पाहिजे. मागणी मान्य होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. शाखेच्या कार्यालयात, कामगार वस्तीच्या वाचनालयात, युनियनच्या सभागृहात एक डबा, पाच बॅटऱ्या आणि चायना ग्रासचे एक पाकीट जमवणे कोणालाही अशक्य नाही. ज्या मुलांनी तेथे रंग सरकताना पाहिले, तीच मुले दुसऱ्या दिवशी शाळेत विचारतील: आमच्या कपाटाला कुलूप का? तो प्रश्न त्यांनी विचारावा आणि त्यांच्या पालकांनी त्यांच्यामागे उभे राहावे. किल्ली मागितल्याशिवाय कोणी देत नाही.